वॉफलचा जादा पाय

आमची वॉफल ही काळी लॅब्रॅडॉर कुत्री अर्धी माझी आहे आणि अर्धी माझ्या सासऱ्यांची. कुठला अर्धा कुणाचा, हे कधी ठरलं नाही. शेजारच्या व्हर्नचं मत असं, की ज्या टोकाला खायला घालावं लागतं ते टोक माझं, ज्या टोकामागून पिशवी घेऊन फिरावं लागतं तेही माझं, आणि मधली पाठ तेवढी थोपटण्यापुरती सासऱ्यांची. व्हर्न स्वतः दोन मांजरं पाळतो. पण कुत्र्यांबद्दल इतक्या ठामपणे बोलणारा माणूस मी आमच्या नॉर्बी गावातच काय, अख्ख्या मिनेसोटात पाहिलेला नाही.

अर्धं कुत्रं असण्याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पैदास करणारी मंडळी चांगलं पिल्लू सहसा सबंध देतच नाहीत. आपलं नाव त्याच्यावर ठेवतात, आणि पिल्लू काहीतरी करून दाखवीपर्यंत तुमच्या डोक्यावर बसून राहतात. आणि माझे सासरे ऑर्लिन टॉलेफ्सन म्हणजे त्या मंडळींतले मेरुमणी. जन्मभर त्यांनी लॅब्रॅडॉर वाढवले. गुडघे गेल्यावर धंदा आवरता घेतला, त्या शेवटच्या विणीतलं शेवटचं पिल्लू म्हणजे वॉफल. कुत्र्यांच्या क्लबाच्या दप्तरी तिचं नाव 'टॉलेफ्सन्स रविवार सकाळची वॉफल ऑफ नॉर्बी' अशा अर्थाचं काहीतरी लांबलचक आहे. ते पुरतं उच्चारीपर्यंत कुत्री शेजारच्या अंगणात जाऊन परत येते.

ऑर्लिन बोलत नाहीत. म्हणजे मुके नाहीत, पण शब्द त्यांना विकत आणावे लागत असावेत. आमच्या लग्नात वधूपिता म्हणून त्यांनी भाषण केलं ते असं: "वाढलंय." माझी बायको मार्लिस सांगते, लहानपणी घरात बाबांचा आवाज कधी चढला नाही. चौघी बहिणी दंगा करत असल्या की ते नुसती डोक्यावरची टोपी काढायचे, आणि चौघी येऊन टेबलाशी मुकाट बसायच्या. ती नारिंगी टोपी अजूनही त्यांच्या डोक्यावर आहे. मी तिला टोपी म्हणतो खरा, पण आता तिचं वयच इतकं झालंय की 'अहो टोपी' म्हणावं.

तर हे ऑर्लिन वसंताच्या सुरुवातीला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. कॉफी प्याले. दुसरी कॉफी प्याले. मग वॉफलकडे बघत म्हणाले, "बदकांचा मोसम उघडेपर्यंत दोन्ही पदव्या हव्यात. आज्ञापालनाची आणि शिकारीची."

"आणि नाही मिळाल्या तर?" मी विचारलं.

"कर्टिस नेईल."

कर्टिस हा त्यांचा पुतण्या. डकोटात राहतो, स्वतःची दलदल आहे, मोठा ट्रक आहे, आणि त्याच्या हाताखाली गाढवसुद्धा पदवीधर होईल अशी ख्याती आहे. ऑर्लिननी हात पुढे केला, मी तो दाबला. आमच्याकडे असा हात दाबला की विषय संपतो. त्यांच्या मागे मार्लिस कपाटाचं दार नको इतक्या जोरात लावत होती.

ते गेल्यावर ती म्हणाली, "हार्लन, ही कुत्री गेली तर बघ."

"बाबांना सांग ना मग."

"बाबांना कुणी सांगितलंय कधी?"

तेव्हा वॉफल माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपली होती. ती रोज तशीच झोपते, माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हलत नाही. ती मला जायला नको होती, हे सरळच सांगतो.

आता थोडं आमच्या पदव्यांबद्दल. एक परीक्षा पास झाली की आमच्यात म्हणतात, कुत्र्याला एक पाय मिळाला. आज्ञापालनाच्या पदवीला तीन पाय लागतात, शिकारीच्या पदवीला चार. कुत्र्याला मुळात चार पाय असताना आणखी सात कशाला, आणि तेही दोन हप्त्यांत का, असं मी क्लबच्या चिटणीस गुड्रन प्रोहास्काबाईंना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हार्लन, तुम्ही फार प्रश्न विचारता."

हे खरं आहे. मी विमा विकतो, आणि नुकसान झालं की पाहणीलाही जातो. लोकांचं घर जळतं तेव्हा बाकीचे हळहळतात, मी विचारतो, आधी कुठला पडदा पेटला? त्यामुळे मला फारसे मित्र नाहीत, पण माहिती पुष्कळ आहे.

"आणि एक ऐका," गुड्रनबाई म्हणाल्या. "जाणती माणसं एक पाय जादा घेऊन ठेवतात. विम्याचा पाय म्हणतो आम्ही त्याला. ऐन वेळी एखादा बाद ठरला तर हाताशी असावा."

मी हसलो. सव्वीस वर्षं दारोदार फिरून लोकांना 'ऐन वेळी हाताशी असावा' हेच वाक्य ऐकवणारा मी, ते दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर हसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शिकारीची तयारी आधी सुरू केली. या परीक्षेत शिकार नसते. लांब झुडपाआड एक माणूस बार काढतो आणि मेलेलं बदक हवेत भिरकावतो. कुत्र्याने ते कुठे पडलं हे ध्यानात ठेवायचं, सोडल्यावर सरळ तिथे जायचं आणि बदक न चावता आणून धन्याच्या हातात द्यायचं. धन्याने तोवर गप्प उभं राहायचं. मला हा शेवटचा भागच सगळ्यांत अवघड गेला.

सरावाला बदकं लागतात. ती गोठवून ठेवावी लागतात. मी ती चांदीच्या कागदात गुंडाळून आमच्या मोठ्या फ्रीजरमध्ये रचली, तिथेच मार्लिसची हॉटडिशही रचलेली असते. किसलेलं मांस, सूप, वर बटाट्याचे तुकडे, सगळं एका भांड्यात भाजलेलं. शेजारी कुणी आजारी पडलं, मेलं किंवा नुसतं उदास दिसलं तरी आमच्याकडे हॉटडिश पोचवतात. त्या आठवड्यात व्हर्नची बायको बहिणीकडे गेली होती. मार्लिस म्हणाली, "व्हर्नला एक हॉटडिश नेऊन दे." मी नेऊन दिली.

व्हर्नचं म्हणणं, जी गोष्ट चांदीच्या कागदात येते ती चांदीच्या कागदातच भट्टीत घालावी, उघडून बघणं हा देणाऱ्याचा अपमान. त्याने भट्टी पेटवली आणि मांजरांना घेऊन बेसबॉल बघत बसला. ओल्या पिसांचा वास कसा येतो हे मी सांगत नाही, तुमच्या जेवणाची वेळ असेल. आगीचा बंब आला. बंबावरचे स्वयंसेवक म्हणजे आमचा न्हावी, आमचा दंतवैद्य आणि चर्चचा ऑर्गनवादक. तिघांनी मिळून भट्टीतून पिसांसकट भाजलेलं बदक काढलं आणि अंगणात ठेवून त्याभोवती टोप्या काढून उभे राहिले.

व्हर्नच्या घराचा विमा माझ्याकडेच. नुकसानीचा अहवाल मीच लिहायचा. 'कारण' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'बदक' असं लिहिलं. मुख्य कचेरीतून एका बाईंचा फोन आला.

"बदक स्वतः भट्टीत शिरलं का?"

"नाही, मेलेलं होतं."

"मग ते तिथे आणलं कुणी?"

"मी."

"तुम्ही म्हणजे आमचे एजंट?"

"हो."

बाईंनी तेही रकान्यात लिहून घेतलं. त्यानंतर गावात मला कुणी नावाने हाक मारेना. वाण्याकडे गेलो तरी पोरं मागून 'क्वॅक' करायची.

पण वॉफलने माझी लाज राखली. पहिल्या परीक्षेत तेवढी नापास झाली, तीही माझ्यामुळे. काठावर वाकून बघताना माझी टोपी पाण्यात पडली. वॉफल तोंडात बदक घेऊन पोहत येत होती. तिने बदक सोडलं, वळली, टोपी उचलली, आणून माझ्यासमोर सरळ बसली आणि अदबीने माझ्या हातात दिली. बदक वाहत गेलं. परीक्षक म्हणाले, "टोपी फार छान आणली हो." मी घरी येऊन विचार करत बसलो. टोपीतच हिला एवढं काय दिसलं? पुढच्या परीक्षांना मी बोडक्यानेच गेलो, टाळू भाजून निघाली, आणि चारही पाय ओळीने मिळाले.

पाचवा मिळाला तो केवळ नाइलाजाने. चौथा शनिवारी झाला, रविवारचीही नोंदणी मी आधीच करून ठेवली होती. आता गरज नाही म्हणून गुड्रनबाईंना नाव काढायला सांगितलं, तर म्हणाल्या, "नोंदलं ते नोंदलं. आजारी असाल तरच निघेल. कुत्री आजारी आहे?"

"नाही."

"तुम्ही?"

"नाही."

"मग या."

म्हणून गेलो. वॉफलने पाचवा पायही मिळवला आणि मी तो खिशात टाकून विसरून गेलो. ऑर्लिन या शिकारीच्या परीक्षांना कधी आले नाहीत. दलदलीत त्यांचे गुडघे चालत नाहीत. घरी आल्यावर विचारायचे, "हातात दिलं?" मी "हो" म्हणायचो. त्यावर ते मान डोलवायचे, आणि तेवढ्या डोलण्यावर मी आठवडा काढायचो.

आज्ञापालनाच्या परीक्षांना मात्र ते प्रत्येक वेळी आले. त्या छपराखाली होतात, दोरीने आखलेल्या रिंगणात, आणि बाजूला घडीची खुर्ची टाकून बसता येतं. कुत्र्याने धन्याच्या डाव्या गुडघ्याशी चिकटून चालायचं, थांबल्यावर बसायचं, परका माणूस अंगाला हात लावील तेव्हा हलायचं नाही. आणि शेवटी धनी रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एकदाच हाक मारणार, तेव्हा धावत येऊन त्याच्यासमोर नाक सरळ करून बसायचं. हाक एकदाच. दुसऱ्यांदा मारली की नापास. घरी अंगणात वॉफल यातलं एकही धड करत नव्हती. मी "ये" म्हटलं की ती व्हर्नच्या मांजरांची चौकशी करायला जायची.

व्हर्न कुंपणावरून म्हणाला, "तुझ्या आवाजात जरब नाही. मला विचार, माझी मांजरं बघ कशी येतात."

"बोलावल्यावर येतात?"

"बोलवावं लागतच नाही. भूक लागली की येतात."

पण खरी परीक्षा आली आणि चमत्कार झाला. परीक्षक होत्या लव्होन कपुस्ताबाई, गुलाबी जाकीट आणि अंगाला पेपरमिंटचा वास. वॉफल माझ्या गुडघ्याशी शिवल्यासारखी चालली. मी हाक मारली तशी तीरासारखी आली आणि सरळ बसली. मी स्वतःलाच चिमटा काढला.

एकच गोष्ट मला खटकली. ती येत होती माझ्याकडे, पण बघत नव्हती माझ्याकडे. तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी होती. मी मागे वळून पाहिलं. मागे पॉपकॉर्नचा गाडा, विणत बसलेली मार्लिस, तिच्याशेजारी ऑर्लिन, मांडीवर टोपी घेऊन पेंगत असलेले. बस.

हे काय असावं, याने माझी झोप उडाली. पॉपकॉर्न असेल म्हणून पुढच्या वेळी गाड्याकडे तोंड करून उभा राहिलो, घरची मंडळी माझ्या मागे. नजर दुसऱ्या खांद्यावरून. लव्होनबाईंचा पेपरमिंट असेल म्हणून मी खिशात पेपरमिंट ठेवून अंगणात सराव केला. वॉफलने खिसा फाडला. व्हर्न म्हणाला, छताच्या नळ्यांचे दिवे गुणगुणतात, कुत्र्यांना ते गाणं वाटतं. मग मी गराजमध्ये तसले दिवे बसवले. फ्यूज उडाला आणि व्हर्नचीही वीज गेली, कारण त्याने आमच्या गराजमधून वायर ओढून घेतली आहे हे मला तेव्हाच कळलं. शिकारीच्या परीक्षेत ती सरळ माझ्या डोळ्यांत बघायची, हेही कोडंच होतं. मार्लिसला विचारलं तर म्हणाली, "पास होतेय ना? मग तिच्या डोळ्यांची उलटतपासणी कशाला?"

लव्होनबाई आम्हाला लाभल्या म्हणून मी पुढच्या दोन्ही परीक्षाही त्यांच्याच निवडल्या. दुसरा पाय मिळाला. तिसरा मिळाला. ऑगस्ट अजून संपला नव्हता.

मग मी जे केलं ते माझ्यासारख्या माणसाने करायला नको होतं. गावाबाहेरच्या तळ्याकाठच्या हॉटेलात शुक्रवारच्या तळलेल्या माशांवर मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. ऑर्लिन, गुड्रनबाई, व्हर्न आणि त्याची बहिणीकडून परतलेली बायको. केक मागवला, त्यावर वॉफलचं सबंध नाव आणि दोन्ही पदव्यांची अक्षरं. नाव मावेना म्हणून केक दोन करावे लागले. माझ्या जाकिटाच्या पाठीवरही मी तेच भरतकाम करून घेतलं होतं. मी उभा राहून चमच्याने पेला वाजवला.

"मित्रहो, सात पाय हवे होते. सातही मिळाले."

"आठ," गुड्रनबाई मासा चावत म्हणाल्या. "शिकारीत पाच आहेत. बरं, आज्ञापालनाला तिन्ही वेळा परीक्षक कोण होतं?"

"लव्होनबाई! देवमाणूस."

गुड्रनबाईंनी काटा खाली ठेवला. "हार्लन, कमीत कमी दोन वेगवेगळे परीक्षक लागतात. एकाच परीक्षकाचे तीन पाय म्हणजे पदवी होत नाही. नियमांत बारीक अक्षरात आहे."

बारीक अक्षरात! 'सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा हो' असं मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगतो. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या पाठीवर भरतकाम होतं, म्हणून मी वळूनही जाऊ शकत नव्हतो. ऑर्लिननी केकचा एक तुकडा कापला, त्यावरची पदवी सुरीने बाजूला काढून ठेवली आणि उरलेला खाल्ला.

"अजून एक परीक्षा आहे," मार्लिस म्हणाली. "मोसम उघडायच्या आदल्या आठवड्यात. दुसरा परीक्षक."

"विम्याचा पाय," व्हर्न म्हणाला आणि खो खो हसला. बायकोने त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण ती मला लागली.

ती परीक्षा शेजारच्या गावी, बर्फावरच्या हॉकीच्या रिकाम्या सभागृहात होती. सप्टेंबर असून उकाडा मरणाचा, म्हणून बाजूचं मोठं शटर सबंध उघडून ठेवलं होतं. परीक्षक हे गृहस्थ काडीसारखे, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा शिस्तीत. आल्या आल्या त्यांनी रिंगणाभोवती नजर फिरवली.

"दोरीला लागून कुणी बसायचं नाही. आजोबा, नारिंगी टोपी, आपण. जरा लांब जा."

"माझे सासरे आहेत, पाय दुखतात त्यांचे," मी म्हणालो.

"मग गाडीत बसू द्या. रिंगणाबाहेरून कुणी हातवारा केला, की कुत्रा बाद. मी माणूस बघत नाही."

मला राग आला. आजारी म्हाताऱ्यावर हा आळ! ऑर्लिन मात्र गुडघ्यांवर हात टेकून उठले. खुर्ची घडी केली आणि हळूहळू शटरमधून बाहेर, गाड्यांच्या तळावर निघून गेले. वॉफल मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली.

सुरुवात बरी झाली. चालली थोडी फरपटत, पण चालली. मी चालता चालता ओठ न हलवता तिला विनवत होतो, "बाई गं, एवढी एकदा." थांबलो तेव्हा बसलीही, जरा तिरकी. तिरक्या बसण्याचे गुण कापतात, नापास करत नाहीत. मग ती शेवटची वेळ आली. तिला एका टोकाला बसवून मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि वळलो. ती माझ्याकडे बघत होती. खांद्यावरून नव्हे, माझ्या डोळ्यांत. 'आता काय करायचं?' असं विचारणारा तो चेहरा होता. माझ्या मनात आलं, रिंगणात हिने मला पहिल्यांदाच पाहिलं.

परीक्षकांनी मान हलवली. मी हाक मारली, "वॉफल, ये!"

ती उठली. एक पाऊल टाकलं. आणि तिची नजर बाजूला गेली, उघड्या शटरकडे.

बाहेर उन्हात, आमच्या गाडीला टेकून ऑर्लिन उभे होते. उकाड्याने घामाघूम झालेले. रुमालाने टाळू पुसायला त्यांनी टोपी काढली होती.

वॉफल दोरीखालून गेली, शटरमधून गेली, गाड्यांच्या मधून तीरासारखी गेली, आणि ऑर्लिनसमोर नाक सरळ करून बसली. इतकी सरळ बसलेली कुत्री मी आजवर पाहिली नाही.

परीक्षकांनी शांतपणे लिहिलं. "आली अगदी उत्तम," ते म्हणाले. "फक्त चुकीच्या माणसाकडे."

मी तिथेच उभा होतो. लाज वाटायला हवी होती, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडत होता. पॉपकॉर्न नाही, पेपरमिंट नाही, दिवे नाहीत. टोपी! वसंतापासून टोपी. मांडीवर टोपी घेऊन पेंगणारे म्हातारबुवा पेंगत नव्हतेच. मी हाक मारायचो तेव्हा टोपी डोक्यावरून मांडीवर यायची. तीन पाय मिळाले ते माझ्या आवाजाला नव्हे. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला आणि तो पहिल्याहून मोठा होता. मी नापास झालो तर कुत्री कर्टिसला द्यायची, ही अट ज्यांनी घातली, तेच गृहस्थ मला पास करायला नियम का मोडत होते?

घरी येताना गाडी मी चालवत होतो. वॉफल मागे ऑर्लिनच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपली होती. मी आरशातून बघत होतो. त्यांचाही पाय अवघडला होता, पण ते हलत नव्हते.

मोसम उघडायच्या शनिवारी कर्टिस पहाटेच आला. ट्रकमध्ये नवाकोरा पिंजरा, त्यात गादी. मनाने चांगला आहे तो, तेच मला सहन होत नव्हतं. मी वॉफलची भांडी, पट्टा, तिची फाटकी रजई, सगळं खोक्यात भरून दाराशी ठेवलं होतं. मार्लिसने सगळ्यांना कॉफी दिली, वडिलांना सोडून. व्हर्न साखर मागायच्या निमित्ताने आला आणि हातात वाटी घेऊन उभाच राहिला. ऑर्लिन खिडकीशी उभे होते, टोपी डोक्यावर, पाठ आमच्याकडे.

"चला काका," कर्टिस म्हणाला. "उजाडायला आलं."

"शिकारीत किती लागतात?" ऑर्लिननी खिडकीकडेच बघत विचारलं.

"चार," मी म्हणालो.

"किती आहेत?"

"पाच."

"आज्ञापालनात किती कमी?"

"एक."

"मग एक जास्त, एक कमी. जमलं."

कर्टिसने कप खाली ठेवला. "काका, असं नसतं. दोन वेगळ्या परीक्षा आहेत. क्लब..."

"हात क्लबाने दाबला नव्हता. मी दाबला होता."

मार्लिस कपाटाचं दार उघडंच टाकून वळली. व्हर्नने वाटी छातीशी धरली. इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. पण खोटा दावा समोर आला की विमावाल्याची जीभ वळवळते. हा माझ्या धंद्याचा रोग आहे.

"ऑर्लिन," मी म्हणालो, "खरं सांगायचं तर एक कमी नाही. तीन कमी आहेत. ते तिन्ही पाय माझे नव्हेत, तुमच्या टोपीचे आहेत. मी गुड्रनबाईंना ते रद्द करायला सांगणार आहे."

"हार्लन!" मार्लिस ओरडली.

"वेडा आहे हा," व्हर्न कुजबुजला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने.

ऑर्लिन वळले. लग्नापासून आजवर त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"डोकं तापतं माझं," ते म्हणाले. "म्हणून काढतो टोपी."

"एप्रिलमध्येही?"

त्यांनी नजर खोक्याकडे वळवली. वॉफल खोक्यातल्या रजईवर जाऊन बसली होती. जायचं असेल तर रजईसकट जाऊ, असा तिचा विचार असावा.

"ती अर्धी माझी आहे," ऑर्लिन म्हणाले. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एका सकाळी कधी ऐकली नव्हती. "आज्ञापालन माझ्या अर्ध्याने केलं. शिकारीत मी नव्हतो. पाच वेळा तिने तुझ्या हातात दिलं. ते तुझ्या अर्ध्याने केलं. क्लबाला काय सांगायचं ते सांग, वसंतात पुन्हा पहिल्यापासून कर. मी गाडीत बसेन. पण कुत्री दोन नाहीत, एक आहे. आणि डकोटा लांब आहे." त्यांनी गुडघा चोळला. "या गुडघ्यांनी मला तिला बघायला तेवढं लांब जाता येणार नाही."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. अट त्यांनी घातली होती ती पैदास करणाऱ्याच्या हट्टाने, दिला शब्द मागे घेता येईना, आणि मग सबंध उन्हाळा ती अट लागू पडायची वेळ येऊ नये म्हणून टोपी काढत बसले होते. मार्लिसने काही न बोलता त्यांच्यासाठी कॉफी ओतली, आणि कपाटाचं दार अगदी हळू लावलं. माझे डोळे भरून आले. मी नाक शिंकरल्याचं नाटक केलं, ते कुणालाही खरं वाटलं नाही.

कर्टिसला राग आला नाही. पिंजऱ्यातली गादी काढून त्याने वॉफलला दिली आणि म्हणाला, "निदान नाश्ता तरी मिळेल ना काका?"

ऑर्लिन टेबलापाशी आले, खुर्ची ओढली आणि डोक्यावरची टोपी काढली.

वॉफल उठून आली आणि त्यांच्यासमोर नाक सरळ करून बसली. मार्लिस बसली. कर्टिस बसला. व्हर्नही साखरेची वाटी घेऊन बसला. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मीही बसलोय, पाठ ताठ, हात मांडीवर. लग्नापासून मी या टेबलाशी असाच बसत आलोय, आणि हे कसं होतं हा एवढा एक प्रश्न विचारायचा माझ्याकडून राहून गेला होता.